सुकेळ्यांची राखण

हरीभाऊ कुलूप लावल्यावर ते दोनदा ओढून बघत. एकदा स्वतःसाठी आणि एकदा, त्यांच्याच शब्दांत, "चोराच्या वतीने." वालीवच्या एका कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. नट, बोल्ट, बेअरिंगं आणि ग्रीसचे डबे यांची राखण करण्यात त्यांचं आयुष्य गेलं, तेव्हा कुलपावर असा जीव असणं साहजिक होतं. घरात मात्र या माणसाला काही आत ठेवता येत नसे. सुनंदाने, म्हणजे त्यांच्या बायकोने, लाडू केले की डबा घेऊन ते जिन्यात उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर लाडू ठेवत. "घ्या, सातारी हाताचे आहेत, दात सांभाळा," असं वर म्हणत. आतून सुनंदाचा आवाज येई, "अहो, मला ऐकू येतंय हां."

परवा लोपीस आगाशीहून सुकेळ्यांचा, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचा, एक पुडा घेऊन आले आणि काही न बोलता माझ्या टेबलावर ठेवून गेले. लोपीस आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. तळमजल्यावर राहतात, आणि एरवी न बोलता कुठून जाणारे गृहस्थ नव्हेत. केळीच्या वाळलेल्या पानात बांधलेला तो पुडा मी अजून सोडलेला नाही. वास खोलीभर आहे. हरीभाऊ असते तर मी पुडा सोडला की नाही हे बघायला एव्हाना दोनदा खाली येऊन गेले असते.

हरीभाऊ, म्हणजे हरेश्वर राऊत, मूळचे आगाशीचे. वाडी भावकीत वाटली गेली आणि हे इथे विरारला, चंदनसारच्या आमच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. मी दुसऱ्या मजल्यावर, त्यांच्या बरोबर खाली. मी शाळेत मराठी शिकवायची, म्हणून साऱ्या इमारतीची मी "बाई." आगाशी सुटली तरी सुकेळी हरीभाऊंना सोडवली नाहीत. थंडी सरली की ते चुलतभावाकडून राजेळी केळ्यांचा घड आणत, पेंढ्यात दडपून पिकवत, सोलत आणि आमच्या गच्चीवर चटईवर मांडत. दिवसभर ऊन द्यायचं आणि संध्याकाळी सगळी गोळा करून पानांत गुंडाळून ठेवायची. असं कितीतरी दिवस चाललं की केळं मधाच्या रंगाचं होतं आणि मधासारखंच चिकटतं.

"लोकांना वाटतं, ऊन गोड करतं," ते मला सांगत. "ऊन नुसतं वाळवतं, बाई. गोडी रात्री येते, गुंडाळल्यावर. झोप नाही मिळाली तर सुकेळं होत नाही, लाकूड होतं."

हे वाक्य ते दरवर्षी म्हणत आणि मी दरवर्षी नव्याने ऐकल्यासारखं करी. माणसांनाही ते केळ्यांचीच विशेषणं लावत. नवीन लग्न झालेला शेजारी "अजून हिरवा" होता, आमचा वॉचमन "जरा जास्त पिकलेला." लोपीस कोणते, असं मी एकदा विचारलं. "ते साल," हरीभाऊ म्हणाले. "पाय घसरवणारं."

मैथिली ही त्यांची एकुलती एक मुलगी. लहानपणी जिना उतरताना मजल्यागणिक गाणं बदलायची. कावळ्यांवर काठी घेऊन बसण्याचं काम सुट्टीत तिचंच असे. आठवीत गेली आणि हळूहळू काही बिनसत गेलं. डॉक्टरांनी त्याला एक नाव दिलं होतं. सुनंदाने ते मला एकदाच सांगितलं आणि पुन्हा उच्चारलं नाही. शाळेच्या वेळेला पोटात दुखायचं, मग श्वास अडकायचा, मग ती खोलीचं दार लावून घ्यायची. कधी दिवसभर एक शब्द नाही, आणि कधी एवढ्यातेवढ्यावरून असा संताप की हाताला लागेल ते भिंतीवर. संताप ओसरला की तीच मुलगी आईच्या मांडीत डोकं खुपसून विचारायची, "मी अशी का आहे?" खालच्या मजल्यावर राहणाऱ्याला वरच्या घरातलं न ऐकण्याची सोय नसते. मी ऐकत असे, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात हरीभाऊ भेटले की आम्ही दोघं पाण्याच्या टँकरबद्दल बोलत असू.

एका संध्याकाळी ती त्यांना गच्चीवर कठड्याला टेकून एकटीच बसलेली सापडली. ती काही करणार होती की नुसती बसली होती, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गच्चीच्या दाराला गोदामाला शोभेल असं पितळी कुलूप लागलं. किल्ली हरीभाऊंच्या शर्टाच्या खिशात गेली. त्या वर्षी सुकेळी झाली नाहीत, पुढच्याही वर्षी नाहीत.

पण उन्हाळा आला आणि बायकांचे पापड आले. सोसायटीची सभा पार्किंगमध्ये, प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून होत असे. लोपीस उभे राहिले. "हरी, गच्ची सोसायटीची आहे. तुझी आगाशीची वाडी नाही. किल्ली ऑफिसात पाहिजे." मागून कुणीतरी पुटपुटलं, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं, "दुखणं एकाच्या घरात आणि कुलूप सगळ्यांना."

हरीभाऊ उठले. मला वाटलं, आता चिडतील, निदान कारण तरी सांगतील. त्यांनी खिशावर हात ठेवला आणि म्हणाले, "पापड माझ्या बाल्कनीत घाला. सगळ्यांचे घाला. ऊन चांगलं येतं."

आणि खरोखरच त्या उन्हाळ्यात राऊतांच्या बाल्कनीत साऱ्या इमारतीचे पापड वाळले. बाल्कनीत मावेनात तेव्हा खिडकीत, मग सोफ्याच्या पाठीवर. "माणसाला बसायला जागा नाही, यांनी पापडांना दिली," सुनंदा मला म्हणाली, आणि तिला हसू आलं, आणि हसताहसता तिने डोळ्यांना पदर लावला. लोपीसच्या बायकोने, ॲग्नेसने, ओशाळून आपले पापड दुसऱ्याच दिवशी उचलून नेले. तिने घरात लोपीसना काय सुनावलं ते ठाऊक नाही, पण किल्लीचा विषय पुन्हा सभेत निघाला नाही.

त्या काळात हरीभाऊंना एक नवी सवय लागली. संध्याकाळी कामावरून आले की ते स्कूटर पार्किंगमध्ये लावत आणि तिच्यावरच बसून राहत, हेल्मेट न काढता. काच खाली ओढलेली, दोन्ही हात मांडीवर. मुलं त्यांना "अंतराळवीर" म्हणू लागली. एकदा वॉचमन घाबरून मला बोलवायला आला, "बाई, राऊत साहब हिल नहीं रहे." मी जाऊन काचेवर टकटक केलं. त्यांनी काच वर केली. डोळे लाल होते, चेहरा मात्र अगदी सभ्य.

"काही नाही, बाई. आत आवाज कमी येतो."

"बरं वाटत नाही का?"

"बरं वाटतंय म्हणून तर बसलोय," ते म्हणाले. काच पुन्हा खाली गेली. थोड्या वेळाने ती वर झाली. "आता जातो. सुनंदाची पाळी संपली, माझी सुरू."

पाळी हा त्यांचा कारखान्यातला शब्द घरात आला होता. ते आणि सुनंदा आता एकमेकांशी बोलत ते काम सोपवताना बोलावं तसं. "जेवली?" "थोडं." "गोळी?" "दिली." "दार?" "उघडं आहे." बाकीचं बोलणं कुठल्यातरी वर्षी होऊन गेलं होतं. सुनंदा घरी शिकवण्या घेई, त्या तिने बंद केल्या होत्या. दोघं मिळून एका लग्नाला गेल्याचं मला आठवत नाही. एक जण जाई, आहेर देई आणि जेवण न करता परत येई. रात्री दोघांपैकी एक जण मुलीच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसे. ती खुर्ची सरकल्याचा आवाज मला खाली येत असे.

एका दुपारी भाजी घेऊन येताना सुनंदा माझ्या दारासमोर जिन्याच्या पायरीवर बसलेली दिसली. पिशवी बाजूला. मला वाटलं चक्कर आली.

"चक्कर नाही," ती म्हणाली. "पाय उचलत नाही. अजून एक जिना आहे ना, तो चढता येत नाही मला." मग अगदी शांतपणे, "बाई, मला वर जायचंच नाही. ती माझी मुलगी आहे, आणि मला वर जायचं नाही. असं कुठल्या आईला होतं?"

मी तिला आत आणून आरामखुर्चीत बसवलं आणि चहा ठेवला. चहा होईपर्यंत ती झोपली होती. हातात पालकाची जुडी तशीच. मी वर जाऊन हरीभाऊंना सांगितलं; त्यांची त्या दिवशी रजा होती. मैथिली आत झोपली होती, म्हणून ते मिनिटभर खाली आले आणि दारातून बायकोकडे पाहत राहिले. त्यांच्या तोंडावर काळजी होती हे खरं, पण मला तिथे थोडासा हेवाही दिसला. लहान मुलाने दुसऱ्याच्या हातातला खाऊ बघावा तसा.

"उठवू नका," ते कुजबुजले. हळूच पुढे होऊन त्यांनी तिच्या हातातली जुडी सोडवली आणि ती घेऊन वर गेले. त्या दिवशी पालकाची भाजी त्यांनीच केली. फार खारट केली, हेही त्यांनीच सांगितलं.

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी त्यांना दोघांना समोर बसवलं. "मुलीचं मी बघतो, म्हणाले. पण तुमच्यापैकी एक जण आता पडणार," हरीभाऊ मला सांगत होते. "मी म्हटलं, मग मीच पडतो. माझी रजा शिल्लक आहे."

"आणि डॉक्टर?"

"हसले नाहीत. चांगला माणूस आहे, पण जरा हिरवा."

मी म्हटलं, दुपारी मी वर येऊन बसत जाईन. मला काय, पुस्तक वाचायचं ते इथे वाचलं काय आणि तिथे वाचलं काय. त्यांनी हात जोडले. "तुम्ही म्हणालात, पावलं, बाई. पण आपलं मूल दुसऱ्याच्या अंगावर कशाला? आणि तिलाही आवडायचं नाही." हे त्यांनी मैथिलीला कधी विचारलं नव्हतं, ते पुढे कळलं. या एका बाबतीत हा उदार माणूस अतिशय कंजूष होता. आपला लाडू तो कुणालाही देईल, आपला भार कुणाला देणार नाही. आणि तो भार आता दोघांपैकी एकाला, किंवा दोघांनाही, मोडणार हे मला खालून दिसत होतं, ऐकू येत होतं.

त्या वसंतात त्यांनी पुन्हा राजेळीचा घड आणला. मैथिलीला सुकेळी आवडायची, निदान तेवढ्याने ती खोलीबाहेर येईल, असा त्यांचा बेत. गच्चीचं कुलूप काढायचं नव्हतं, म्हणून केळी पापडांसारखी बाल्कनीतच घातली. काही दिवसांनी मला चव बघायला वर बोलावलं. ताटलीत काळपट, आक्रसलेलं काहीतरी होतं. मैथिली खरंच बाहेर आली होती, गुडघे पोटाशी घेऊन सोफ्यावर बसली होती. सुनंदा स्वयंपाकघरात भांडी घासत होती.

मैथिलीने एक उचललं, चावलं, हातात घेऊन पाहिलं. "बाबा, हे तुटत नाहीये."

"जरा चघळ. सुटेल."

"लाकूड आहे हे. रात्री गुंडाळलीस का तू?"

हरीभाऊ ताटलीकडे बघू लागले. "राहिलं असेल एखाद्या दिवशी."

"एखाद्या दिवशी? रोज बाहेरच होती. मी बघत होते ना."

आगाशीच्या राऊतांनी सुकेळी गुंडाळायला विसरणं म्हणजे भटजींनी आचमन विसरण्यासारखं. हरीभाऊंचा चेहरा पडला. "मग सांगायचंस, बाळा."

"तू कुठे मला काही विचारतोस? तू फक्त बघतोस. जेवले का, झोपले का, दार बंद का केलं." तिचा आवाज चढला आणि मी सवयीने अंग चोरून बसले. पण तो वर जाऊन तिथेच थरथरत थांबला. "तूच सांगायचास ना, झोप नाही मिळाली की नुसतं वाळतं. तुझं तेच झालंय, बाबा. आईचं पण. नुसते वाळत चाललात दोघं."

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"तुमचे डोळे बघितले ना, की मला अजून भीती वाटते. वाटतं, हे सगळं माझ्यामुळे. मग अजूनच होतं मला ते." ती ते वाळकं केळं बोटांनी फिरवत होती. "राखण ठेवायची तर ठेव. खरंच, मला चालेल. पण तुम्ही दोघंच नको. बाईंना सांग. लोपीस अंकलना सांग."

"अगं, लोकांना कसं सांगायचं..."

"लोकांना माहितीये, बाबा. सगळ्या बिल्डिंगला माहितीये. फक्त तू सांगत नाहीस."

सुनंदा ओल्या हातांनी दारात उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. हरीभाऊंनी ताटलीतलं एक सुकेळं उचललं आणि बराच वेळ चघळत बसले. मग म्हणाले, "खरंच लाकूड झालंय," आणि रडू लागले. हेल्मेट नसताना रडताना मी त्यांना पहिल्यांदा बघत होते.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारात. "बाई, जरा बरोबर येता? मला एकट्याला जमायचं नाही." आम्ही तळमजल्यावर गेलो. लोपीस पेपर वाचत होते. हरीभाऊंनी सुरुवात पेंढ्यापासून केली. राजेळी यंदा कशी आहे, पिकायला किती वेळ घेते, कावळे किती माजलेत. लोपीसनी पेपर खाली ठेवला आणि चष्मा काढला.

"तर गच्ची उघडीन म्हणतो," हरीभाऊ अखेर म्हणाले. "केळी घालीन. पण राखणेला माणसं लागतील. मी दिवसभर कामावर, सुनंदाला आता झेपत नाही. आणि मैथिली... म्हणजे मैथिली वर असेल. पण एकटी नको. केळ्यांना, म्हणजे..." ते थांबले. "केळ्यांना एकटं ठेवता येत नाही, लोपीस."

लोपीसनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "केळ्यांना एकटं ठेवायचं नाही. कळलं. सकाळी ॲग्नेस चर्चमधून, मिसाहून आली की जाईल, दुपारी बाई, चारनंतर मी. एकच सांग, हरी. केळी रागावली तर काय करायचं?"

हरीभाऊंनी मान वर केली. "काही करायचं नाही. समजूत घालायची नाही. नुसतं बसून राहायचं. थोड्या वेळाने पाणी द्यायचं."

"बस? एवढंच?" लोपीस म्हणाले. "मग तू एवढी वर्षं कशाला एकटा मरत होतास, गाढवा?"

आतून ॲग्नेस ओरडली, "त्यांना गाढव म्हणू नका, आधी चहा विचारा."

अशी गच्ची उघडली. हरीभाऊंनी सगळ्या खुर्च्या कठड्याच्या बाजूने मांडल्या आणि चटई मध्ये, टाकीजवळ. का, ते कुणी विचारलं नाही. रविवारची राखण त्यांची स्वतःची. चैत्रात कावळ्यांची घरटी असतात, तेव्हा ते फार आक्रमक होतात. एकाने येऊन हरीभाऊंच्या टकलावर अशी चोच मारली की पुढच्या रविवारपासून ते हेल्मेट घालून बसू लागले. भर उन्हात, मांडीवर काठी, डोक्यावर हेल्मेट. "अरे हरी, कावळ्याला लायसन्स दाखव," असं लोपीस जिन्यातून ओरडत. मैथिली त्यावर हसली. बऱ्याच महिन्यांनी हसली.

लोपीसनी तिला रमी शिकवली आणि पहिल्या दिवसापासून तिला फसवलं. ते पत्ते लपवतात हे तिने ओळखलं तेव्हा झालेलं भांडण तळमजल्यापर्यंत ऐकू आलं. हरीभाऊ धापा टाकत वर गेले. बघतात तो दोघं मिळून पत्ते मोजत होती. "बाबा, हे चीटर आहेत, सीरियसली," ती म्हणाली. हरीभाऊ म्हणाले, "मी तुला आधीच सांगितलं होतं, साल आहे ते."

सुनंदा बहिणीकडे साताऱ्याला गेली, कितीतरी वर्षांनी. तिथून तिने मला फोन केला. "बाई, काल दुपारी झोपले ते आज सकाळी उठले. उठल्यावर आधी घाबरले. कुणी हाक कशी मारली नाही?" मग हळूच, "तिची आठवण येतेय हो. आठवण यायला जरा लांब जावं लागतं, नाही?"

हे वाचून कुणाला वाटेल, केळी वाळली आणि मुलगी बरी झाली. तसं नसतं. एका दुपारी मैथिलीने चटईच उलटून दिली. सारी केळी धुळीत गेली, आणि ती टाकीमागे बसून किंचाळत राहिली. त्या दिवशी माझ्याऐवजी ॲग्नेस वर होती. तिने समजूत घातली नाही, हरीभाऊंना हाक मारली नाही. नुसती बसून राहिली. थोड्या वेळाने पाणी दिलं. मग दोघींनी मिळून केळी धुतली. औषधं होती, डॉक्टर होते, एक शालेय वर्ष वाया गेलं. बदललं ते एवढंच, की वरच्या खोलीबाहेरची खुर्ची रात्री सरकायची हळूहळू कमी झाली. पुढे पुढे ती सरकलीच नाही. केळी नसतात त्या महिन्यांतही गच्चीवरच्या खुर्च्या तशाच राहिल्या, आणि त्यांवर कुणी ना कुणी असे.

हरीभाऊंचा मात्र एक नेम सुटला नाही. मैथिली गच्चीवर असली की ते कठड्याकडे पाठ करून बसत नसत, आणि डुलकी म्हणून घेत नसत. कितीही थकलेले असोत. मी म्हणे, टेका जरा, मी आहे ना. ते म्हणत, "तुम्ही आहात म्हणून तर बसलोय, नाहीतर उभा राहिलो असतो."

गेल्या कार्तिकात ते गेले. साध्या तापाचं निमित्त झालं, तो छातीत उतरला, आणि हॉस्पिटलातून ते परत आले नाहीत. खाली जमलेल्या माणसांत कुणीतरी म्हणालं, पोरीच्या काळजीने खाल्लं त्यांना. सुनंदाने ते ऐकलं. "नाही," ती म्हणाली. "तेव्हा गेले असते तर मीही तसंच म्हटलं असतं. नंतरची वर्षं ते झोपले." मैथिली तिच्या शेजारी उभी होती. तिने आईचा हात धरला होता आणि दुसऱ्या हातात घराच्या किल्ल्या होत्या. निघताना तिने दार लावलं, कुलूप घातलं आणि ते दोनदा ओढून पाहिलं.

त्या कार्तिकापर्यंत ते मला रोजच भेटत होते. पण मला ते आठवतात ते त्याआधीच्या चैत्रातले. दुपारची वेळ होती. मी चहाचा थर्मास घेऊन गच्चीवर गेले. पितळी कुलूप कडीला उघडंच लटकत होतं. मैथिली कठड्याजवळच्या खुर्चीत बसली होती, मांडीवर काठी, डोक्यावर बापाचं हेल्मेट. काच वर केलेली. मला बघताच तिने ओठांवर बोट ठेवलं.

टाकीच्या सावलीत हरीभाऊ झोपले होते. नुसते आडवे नव्हे. तोंड उघडं, एक हात पसरलेला, चप्पल कुठेतरी, आणि बारीक घोरणं. पाठ कठड्याकडे होती.

मी तिच्या शेजारच्या खुर्चीत बसले. चटईवर केळी मांडलेली होती, नुकताच रंग धरू लागलेली. एक कावळा आला. चटईच्या कडेला उतरला, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं, दोन पावलं पुढे आला. मी टाळी वाजवायला हात उचलले. मैथिलीने माझं मनगट धरलं.

"नेऊ दे, बाई," ती कुजबुजली. "बाबा उठेल."

कावळ्याने एक केळं उचललं, कठड्यावर जाऊन बसला आणि सावकाश खाऊ लागला. आम्ही दोघी बघत राहिलो. हरीभाऊंनी कूस बदलली, काहीतरी पुटपुटले, आणि पुन्हा घोरू लागले.